निळी ओढत का नाही

"ट्यून करायची," आई म्हणाली.

"नाही करायची," बाबा म्हणाले.

"करा की, त्यात काय एवढं!" आजोबा म्हणाले आणि आम्ही सगळेच त्यांच्याकडे वळलो.

कारण हे आजोबा बोलले होते! हे गॅरेज उभं करणारे आजोबा. अजूनही लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून गाडीचा आजार ओळखणारे आजोबा. आईच्या लॅपटॉपला ते 'तुझी ती पाटी' म्हणतात. कॉम्प्युटरवरून इंजिनाची ताकद वाढवणं म्हणजे माणसाला खोटं सांगून पळवणं, हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की शाळेत भाषणात वापरून टाळ्यासुद्धा घेतल्यात. आणि आज तेच म्हणत होते, करा की.

मी दारातच थांबले. दप्तर अजून पाठीवर होतं. सकाळी शाळेत गेले तेव्हा घरात दोन पक्ष होते, आई आणि आत्या एकीकडे, बाबा आणि आजोबा दुसरीकडे. आता एक माणूस पलीकडे उडी मारून गेला होता आणि कुणालाच त्याचा आनंद झालेला दिसत नव्हता.

"दादा, तुम्ही?" बाबांचा आवाज चिरकला. "तुम्ही तिच्या बाजूने?"

"मी कुणाच्या बाजूने नाही. पोरीला हवंय तर होऊ द्या," आजोबा म्हणाले आणि पेचकस पुसायला लागले. तो आधीच स्वच्छ होता.

पोरगी म्हणजे माझी आत्या. वय वर्षं एकावन्न. बाबांची मोठी बहीण. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये ती सव्वीस वर्षं शिकवतेय, म्हणजे सव्वीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून दुसऱ्यांच्या चुका थांबवतेय. तीन आठवड्यांपूर्वी ती कुणाला काही न विचारता ही निळी गाडी घेऊन आली. सात वर्षं वापरलेली, दोन मालकांच्या हाताखालून आलेली, दोनच दारांची आणि दोनशे घोड्यांच्या ताकदीची. येत्या रविवारी डोंगरावर चढाची शर्यत होती, एकेक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. नाव पक्कं करायची मुदत आज संध्याकाळी सहाला संपत होती. तीन वाजून गेले होते.

आणि निळी ओढत नव्हती. दोनशे घोडे होते, पण त्यातले निम्मे कुठेतरी पेंड खात बसले होते.

"ताई, तुम्हीच सांगा यांना," आईने लॅपटॉप आत्याकडे वळवला. "इंजिन हवेचा जेवढा दाब मागतंय तेवढा टर्बो देत नाहीये. तीन दिवस मी साबणाचं पाणी मारून एकेक पाइप तपासलाय. कुठेही गळती नाही. मग एकच उपाय उरतो. मी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा मॅप टाकते, इंजिनालाच सांगते की जास्त माग, जास्त धरून ठेव. वीस मिनिटांचं काम आहे."

"आणि इंजिन फुटलं तर?" बाबा म्हणाले.

"का फुटेल? दाब कमीच आहे ना?"

"कमी आहे, पण..." बाबांनी वाक्य तिथेच सोडलं आणि पाना एका खिशातून दुसऱ्या खिशात घातला.

मला काही कळेना. आत्या यातलं काही ऐकतच नव्हती, हे तर त्याहून विचित्र. ती निळीच्या पुढच्या काचेकडे बघत होती. आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर आजोबांनी स्वतःच्या हाताने रंगवलंय, 'हात लावला की लिहा.' गाडीत ज्याने जे बदललं ते त्याने खडूने काचेवर लिहायचं आणि काम पुरतं झालं की पुसायचं. एकाने उघडलेलं दुसऱ्याने न कळता बंद करू नये म्हणून. चाळीस वर्षं हा नियम कोणी मोडलेला नाही, असं आम्ही गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगतो. निळीच्या काचेवर तीनच ओळी होत्या. तेल बदललं. प्लग साफ. एअर फिल्टर नवा.

"ट्यून नको," आत्या म्हणाली.

आता आईचं तोंड उघडंच राहिलं. "ताई! मी कुणासाठी भांडतेय इथे?"

"माझ्यासाठीच गं, डॉक्टरीणबाई. पण नको. मी नाव देत नाही. निळी विकून टाकते." लॅपटॉपवरून गाड्यांचे आजार शोधते म्हणून आत्या आईला डॉक्टरीणबाई म्हणते.

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मी ऐकला. आजोबांनी नाही सोडला. त्यांचा चेहरा पेटीतली एखादी वस्तू हरवावी तसा झाला.

त्या दुपारी कोणाच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा अजिबात कळलं नाही. नंतर ज्याने त्याने आपापलं सांगितलं, कुणी चहा पिताना, कुणी भांडताना. ते सगळं मी इथे जागच्या जागी बसवतेय.

आईला वाटत होतं, आत्या घाबरलीय. हे तिने तीन दिवस मनात ठेवलं होतं. तिच्या लॅपटॉपवर एक आडवी रेघ यायची, अॅक्सिलरेटरचं पॅडल किती दाबलं त्याची, आणि ती रेघ कधीच सत्तर टक्क्यांच्या वर गेली नव्हती. एकदाही नाही. नणंदेला तोंडावर कसं सांगायचं की तुम्ही पाय मागे घेता? त्यापेक्षा इंजिनच वाढवून द्यावं, म्हणजे सत्तर टक्क्यांतही गाडी पळेल आणि कुणाचा मानही जाणार नाही. आई अशीच आहे. पडलेला पेला उचलते आणि आवाज झालाच नाही असं दाखवते.

बाबांना वाटत होतं, आईने आज बटण दाबलं तर आपलं मरण. आणि आपण मेलो तरी चालेल, ताईचं काय?

आजोबांना वाटत होतं, टाकू दे हव्या तेवढ्या ताकदीचा मॅप. पोरीचा पाय काही तिथवर पोचायचा नाही. घरात शांतता राहील, आणि तीही जिवंत राहील.

आणि आत्या काय विचार करत होती, ते तिने तिथेच सांगितलं.

"गाडीत काही नाही," ती म्हणाली. "माझ्यात आहे. खडी कारखान्याच्या त्या बंद रस्त्यावर आपण सराव करतोय ना? पहिल्या दिवशी दोन मिनिटं एक सेकंद. मग एक सत्तावन्न. मग पंचावन्न. परवा बावन्न. बरोबर ना गं, भिंगरी?"

भिंगरी म्हणजे मी. चढाच्या टोकाला घड्याळ घेऊन मीच उभी असते. खाली आत्या दिवे चमकवते, मी बटण दाबते, ती वर माझ्यासमोरून गेली की पुन्हा दाबते.

"हो," मी म्हणाले आणि दप्तराचा पट्टा घट्ट धरला.

"नऊ सेकंद कमी झाले. नऊ! आणि मला सीटमध्ये तसूभरही फरक जाणवला नाही. तीच ओढ, तेच वळण, तसाच उशीर. शिकाऊ माणसाचा पाय चुकीच्या पॅडलकडे निघायच्या आधी मला कळतं. माझ्या पाठीला कळतं. त्याच्यावरच मी सव्वीस वर्षं जगले. आता गाडी नऊ सेकंद वेगात जाते आणि माझ्या पाठीला पत्ता नाही." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "ज्याला आपला वेग कळत नाही त्याने डोंगरावर जाऊ नये. एकदा गेले होते. दादांचा हात बघा."

आजोबांचा उजवा हात कोपरातून पूर्ण सरळ होत नाही. आत्या एकोणीस वर्षांची असताना, शर्यतीच्या सरावात, तिच्या हातून गाडी उलटली. शेजारी आजोबा होते, मागे बारा वर्षांचे बाबा. तिला त्यावरून कोणी कधी बोललं नाही. तिने मात्र त्यानंतर जोरात गाडी चालवली नाही, ती थेट आता.

"ताई, एक बोलू?" आईने अखेर मन घट्ट केलं. "तुम्ही पॅडल पूर्ण दाबतच नाही. हे बघा, सत्तर. प्रत्येक वेळी सत्तर."

"काहीतरीच! मी तळाला लावते पाय."

"पाटी खोटं बोलत नाही हो."

"मग मी खोटं बोलते का?"

"तसं नाही म्हणाले मी..."

"तसंच म्हणालीस!"

दोघी कधी भांडत नाहीत. या घरात त्यांची युती म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि आता आई रडकुंडीला आली होती, आत्या किल्ली टेबलावर आपटून निघाली होती, आणि बाबा एका कोपऱ्यात नटबोल्टांचा डबा उगाचच नीट लावत होते.

"थांब," आजोबा म्हणाले.

ते निळीजवळ गेले. दार उघडलं. त्यांना वाकायला त्रास होतो, म्हणून एक गुडघा जमिनीला टेकवला आणि तो वाकडा हात ड्रायव्हरच्या पायांजवळच्या मॅटखाली घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात जुन्या टायरमधून कापलेला रबराचा तुकडा होता. दोन बोटं जाड. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. आजोबा काम नीटच करतात.

आत्या दोन पावलं परत आली.

"पहिल्याच दिवशी," ते तुकड्याकडे बघत म्हणाले. "धुवायला घेतली होती ना मी."

"दादा!" आत्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मी एकावन्न वर्षांची आहे."

"मला माहीत आहे किती वर्षांची आहेस ते. जन्मलीस तेव्हा मीच होतो बाहेर."

"म्हणून मॅटखाली रबर?"

"मग काय करू? सांगून ऐकणारी आहेस तू? सांगून कोणाचं ऐकलंयस आजवर?"

"सांगितलं कधी तुम्ही? तीस वर्षांत एक शब्द बोललात त्या गाडीबद्दल? बोलला असतात, शिव्या दिल्या असत्यात, तर बरं झालं असतं!"

आजोबा रबराच्या गुळगुळीत कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

मध्ये आई बोलली, आणि तिचा आवाज हळू होता, म्हणजे जास्त घाबरण्यासारखा. "पॅडलचं कळलं. पण दाबाचं काय? रबराने पॅडल अडेल. टर्बोचा दाब का कमी होईल?" ती वळली. "अहो."

बाबांनी नटबोल्टांचा डबा खाली ठेवला.

"तेल बदलताना," ते म्हणाले.

"काय तेल बदलताना?"

"टर्बोची जादा हवा सोडणारी झडप असते ना... तिचा रॉड दोन आटे सैल केला."

आई बघतच राहिली. "तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस मी गाडीखाली साबणाचं पाणी मारत पडले होते. तुम्ही बाजूला उभं राहून बॅटरी धरत होतात. आणि म्हणत होतात, 'इथे बघ, इथे बुडबुडा आल्यासारखा वाटतोय.'"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि मी आज नवा मॅप टाकला असता, आणि रविवारनंतर तुम्ही गुपचूप रॉड पुन्हा आवळला असता, तर काय झालं असतं?"

"इंजिन फुटलं असतं," बाबा म्हणाले. "म्हणून तर सकाळपासून नाही नाही म्हणतोय."

"नाही म्हणण्यापेक्षा खरं सांगणं सोपं नव्हतं?"

"नव्हतं," बाबा म्हणाले, आणि आत्याकडे न बघता म्हणाले, "ताई, मी मागे बसलो होतो तेव्हा. सगळं उलटं झालं आणि तुझी चप्पल माझ्या मांडीवर येऊन पडली. मला वाटलं, तू त्यात नाहीस."

आत्याने त्यांच्या डोक्यावर टप्पल मारली. जोरात. मग हात तिथेच ठेवला. "बाळ्या, गाढवा," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं. सगळे रडतील, चहा होईल, मी दप्तर काढेन. पण आत्या एकदम थबकली. तिच्या कपाळावर ती आठी आली, एखादा शिकाऊ आरशात न बघता वळायला निघाला की येते ती.

"थांबा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून रबर. पहिल्या दिवसापासून रॉड सैल. मधे कुणी काही काढलं नाही, घातलं नाही?"

"नाही."

"मग गाडी पहिल्यापासून सारखीच होती."

"हो."

"मग दोन-एकचे बावन्न झाले कसे?"

आईने लॅपटॉपकडे बघितलं. बाबांनी इंजिनाकडे. आजोबांनी पेचकस उचलला, जणू तो कानाला लावला की कळेल. तिघांनाही खरंच कळत नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा अशा खोलीत उभी होते जिथे उत्तर फक्त मला माहीत होतं, आणि शाळेत अशा वेळी माझा हात सगळ्यांच्या आधी वर जातो.

"मी," मी म्हणाले.

"तू काय?"

"मी बटण उशिरा दाबलं. दिवे चमकले की मी आधी मनात मोजायचे. दुसऱ्या वेळी चारपर्यंत. मग सहा. परवा नऊ."

"का गं?" हे आईने विचारलं.

"पहिल्या दिवशी दोन-एक सांगितल्यावर आत्याचा चेहरा... मला तो पुन्हा बघायचा नव्हता. सत्तावन्न म्हटल्यावर ती किती खूश झाली होती! मला वाटलं, खूश झाली की आपोआपच जोरात चालवेल. मग ते खरंच होईल."

हे बोलताना मला ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं. बोलून झाल्यावर वाटेना.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. आजोबांवर ती ओरडली होती, बाबांना टप्पल मारली होती. मला ती काहीच करेना. आणि तेव्हा मला कळलं, की रबराने तिचा पाय अडवला होता, रॉडने गाडी अडवली होती, पण स्वतःवरचा तिचा विश्वास मी घालवला होता. तिची पाठ पहिल्यापासून खरं सांगत होती. मीच घड्याळ हातात धरून तिला खोटं पाडलं होतं.

"सॉरी" हा शब्द इतका छोटा आहे की मी तो तोंडात आणून परत गिळला.

आत्याने टेबलावरून खडू उचलला आणि आजोबांच्या हातात दिला. मग भिंतीकडे बोट केलं.

आजोबांनी काचेवर लिहिलं, 'पॅडलखाली रबर.' त्यांचं अक्षर सुंदर आहे. बाबांनी लिहिलं, 'टर्बो रॉड, दोन आटे.' मग खडू माझ्याकडे आला. मला टाचा उंच कराव्या लागल्या. 'घड्याळ,' मी लिहिलं, आणि पुढे, 'चार, सहा, नऊ.'

"डॉक्टरीणबाई," आत्या म्हणाली, "तुझं काही?"

"माझं काहीच नाही," आई जवळजवळ रागाने म्हणाली. "या घरात मी एकटीच मूर्ख निघाले." मग तिने खडू ओढून घेतला आणि लिहिलं, 'भीती वाटली होती, विचारलं नाही.' आणि आत्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला भीती वाटत असेल, असं मला वाटलं."

"वाटतेच," आत्या म्हणाली. "पण त्याने पाय नाही आखडत."

चारला बाबा रॉड आवळायला बसले. आई लॅपटॉपवरून दाब सांगत होती, "अजून, अजून, बस!" मधूनच ते दोघं भांडत होते, तेव्हा मला बरं वाटत होतं. आजोबांनी रबराचा तुकडा खिशात ठेवला. फेकून दिला नाही. दाब जुळल्यावर आधीच्या तीन ओळी आणि स्वतःची ओळ बाबांनी पुसली, आजोबांची आजोबांनी. आईची ओळ आत्याने बाहीने पुसली. माझी तशीच राहिली. पान्याने आवळता येईल असं त्यात काही नव्हतं.

"आता तरी मॅप टाकू का?" आईने विचारलं. "चांगले तीस-चाळीस घोडे वाढतील. आता दाब बरोबर आहे, धोका नाही."

बाबा या वेळी काही बोलले नाहीत. आजोबा म्हणाले, "तीच ठरवेल."

"आधी गाडी आहे तशी बघू दे," आत्या म्हणाली. "ती काय आहे हे मला अजून माहीतच नाही. भिंगरी, चल."

"मी?"

"मग घड्याळ कोण धरणार?"

पाचला मी चढाच्या टोकावर उभी होते. खडी कारखान्याचं फाटक, ट्रक तोलायच्या जुन्या काट्याची गंजलेली पाटी, रस्त्यावर भुशासारखी बारीक धूळ. शेजारी आई, बाबा, आणि दुमडत्या खुर्चीवर आजोबा. घड्याळावर अंगठा ठेवला तर तो घामाने निसटत होता. मी तो फ्रॉकला पुसला. खाली दिवे चमकले.

मी मोजलं नाही. दाबलं.

आवाज आधी आला. तो मी तीन आठवडे ऐकलेला आवाजच नव्हता. आजोबांनी डोळे मिटले आणि मान जराशी तिरपी केली, पेचकस नसतानाही. दुसऱ्या वळणावर बाबांनी आईचा हात धरला, ती रागावलेली असूनही तिने धरू दिला. मग निळी वळणातून वर आली. माझी ती पांढरी ओळ काचेवर घेऊन ती आमच्यासमोरून गेली, आणि मी बटण दाबलं.

आकडा बघितला. परवा मी सांगितलेल्या खोट्या आकड्यापेक्षा हा मोठा होता. म्हणजे पुन्हा तोच चेहरा बघावा लागणार.

आत्या गाडी वळवून आली. उतरली. केस विस्कटलेले, गाल लाल. मी तोंड उघडलं.

"सांगू नकोस," ती म्हणाली. "आधी मी सांगते."

तिने डोळे मिटले. पाठ जराशी मागे टेकवली, जणू अजून सीटमध्येच होती.

"बावन्न नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या वळणावर मी पाय लवकर उचलला. एक..." ओठ हलले. "एक चोपन्न."

मी घड्याळ तिच्यासमोर धरलं.

ती आकड्याकडे बघत राहिली. मग आजोबांकडे वळून इतकी जोरात हसली की काट्यावरचे पक्षी उडाले. "दादा! कळतंय! मला कळतंय अजून!"

"कळणारच," आजोबा म्हणाले, पण त्यांचा आवाज नीट लागला नाही.

"आणि मॅप?" आईने विचारलं. तिला प्रश्न अर्धवट सोडवत नाही.

"तुझी पाटी मिटून ठेव गं. दुसऱ्या वळणावरचे दोन सेकंद माझे आहेत, ते इंजिनाकडून कशाला मागू? ते गेले की मग बघू." तिने मनगटावर बघितलं. "साडेपाच. बाळ्या, फोन दे, नाव पक्कं करते."

मी निळीजवळ गेले आणि काचेवरच्या माझ्या ओळीसमोर उभी राहिले. बाही हाताच्या पंजापर्यंत ओढली, पण पुसायचं धैर्य होईना.

"राहू दे ती," आत्या फोन कानाला लावून म्हणाली. "रविवारी वर तूच उभी राहणार आहेस ना? तिथे पुस."